पायावर घेतलेलं बाळ

मी केळशीहून बोलतेय. आपण इथे कधी गटाच्या हिशेबाच्या वह्यांबद्दल बोलतो, कधी आमसुलं आणि आंबापोळीच्या विक्रीबद्दल. आजचा विषय जरा वेगळा आहे: लहान मुलांची पावलं आणि खुबे. जन्मतः वाकडं असलेलं पाऊल, जागेवरून सरकलेला खुबा, हे नीट करायची विद्या माणसाला कशी सापडली, त्याला किती वर्षं लागली आणि त्यात आयांचा वाटा किती, हा इतिहास मी आज सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. पण घरातल्या पाळण्यालाही इतिहास असतो, बरं का.

सुरुवात माझ्या घरापासून करते. माझी एक आत्या होती. ती पायाळू जन्मली होती, म्हणजे डोक्याऐवजी पाय आधी आले. आपल्याकडे पायाळू माणसाला मान असतो. कुणाची उसण भरली, कंबर धरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. आत्यालाही वाडीवाडीतून बोलावणं यायचं. ती जायची, पण एका बाजूला झुकत, हेलकावे खात जायची. आपल्या पाखाड्या तुम्हाला माहीत आहेत. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या. ती गडग्याला हात लावत एकेक पायरी चढायची. तिचा डावा पाय जरा आखूड होता. घरात म्हणायचे, "लहानपणी कुठंतरी आपटली असेल." दोन स्थळं आली आणि तिला चालताना बघून परत गेली. शेवटी तिला बिजवराला दिली.

चाळिशीत तिचा खुबा इतका दुखायला लागला की रात्रीची कूस बदलता येईना. तेव्हा शहरात नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जन्माच्या वेळी बाळ पायाळू होतं का?" आम्ही चकितच झालो. त्यांनी समजावलं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो, त्या जोडाला खुबा म्हणतात. पोटात बाळाचं ढुंगण किंवा पाय खाली असतील तर हा गोळा वाटीबाहेर सरकायचा धोका जास्त असतो. बाळ मुलगी असेल, पहिल्या खेपेचं असेल, घरात आधी कुणाला असा त्रास असेल, तर तो आणखी वाढतो. आत्याचा खुबा जन्मापासूनच जागेवर नव्हता. ती कुठं आपटली नव्हती.

गावभरच्या पाठींना तिने पाय लावला, पण तिच्या पायाकडे कुणी नीट पाहिलं नाही. मला हे फार लागलं. म्हणून मी वाचत गेले, विचारत गेले, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतेय.

पूर्वी काय समजत होते, ते आधी बघू. मूल वाकड्या पायाचं झालं की आपल्याकडे बोट कुणाकडे जातं? आईकडे. ग्रहणात विळी धरली असेल, पाय मुडपून बसली असेल, कुणाला लाथ मारली असेल. अष्टावक्राची गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. बापाच्या वेदपठणातली चूक पोटातल्या बाळाने दाखवली, बापाने रागावून शाप दिला आणि पोर आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. पुढे तेच पोर जनक राजाच्या दरबारात मोठमोठ्या पंडितांना भारी पडलं. गोष्ट सुंदर आहे. पण बघा, त्या गोष्टीत निदान दोष बापाचा तरी होता. आपल्या घरात तो आईच्याच गळ्यात येतो.

खरं सांगायचं तर ग्रहणाचा आणि पावलाचा काही संबंध नाही. जगभरात साधारण हजार बाळांमागे एकाचं पाऊल जन्मतः आत आणि खाली वळलेलं असतं. ज्या देशात ग्रहण पाळत नाहीत तिथेही ते आढळतं. मुलींपेक्षा मुलांमध्ये ते दुपटीने आढळतं आणि निम्म्या बाळांची दोन्ही पावलं तशी असतात. बाळ पोटात असतानाच पावलाच्या आतल्या बाजूच्या आणि टाचेच्या शिरा आखडतात. आईने काही केलं म्हणून हे होत नाही, आणि काही केलं नाही म्हणूनही होत नाही. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात, आपण वाकडं पाऊल म्हणू.

आता इतिहासाकडे वळू. हा आजार नवा नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपोक्रेटिस नावाचे वैद्य होते. त्यांच्या नावाच्या ग्रंथांत लिहिलंय की बाळ अगदी लहान असतानाच पाऊल हाताने हळूहळू सरळ करावं आणि पट्ट्या बांधून तसंच धरून ठेवावं. लवकर आणि हलक्या हाताने. एवढी साधी गोष्ट लोक पुढे विसरले आणि शेकडो वर्षं वाकडी पावलं लोखंडी साच्यांत घालून दाबली गेली.

१७४१ साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री नावाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांनी दोन ग्रीक शब्द जोडून एक नवा शब्द बनवला: एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा अर्थ मूल. त्यावरूनच आजचा ऑर्थोपेडिक हा शब्द आला. हाडांच्या दवाखान्यावर आपण ही पाटी वाचतो, पण त्या शब्दात मूल दडलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. गंमत म्हणजे ते पुस्तक डॉक्टरांपेक्षा आईबापांसाठी लिहिलेलं होतं. त्यात एक चित्र आहे. वाकडं वाढलेलं झाड एका सरळ खांबाला दोरीने बांधलंय. आपण मिरीचा वेल आधाराला बांधतो तसं. आजही जगभरातल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संस्था हे चित्र आपली खूण म्हणून वापरतात. कोवळं आहे तोवर आधार द्या, एवढाच त्याचा अर्थ.

पुढची गोष्ट एका मुलाची आहे. लंडनमध्ये विल्यम लिटल नावाचा मुलगा होता. लहानपणी आजारपणात त्याचा एक पाय लुळा पडला आणि पाऊल वाकडं झालं. शाळेत त्याने जे ऐकलं असेल ते आपण समजू शकतो. तो स्वतः डॉक्टर झाला आणि आपल्याच पायावर इलाज शोधत हिंडला. जर्मनीत श्ट्रोमायर नावाच्या डॉक्टरांनी १८३१ पासून एक नवी रीत सुरू केली होती. कातडीला अगदी बारीक छेद देऊन टाचेमागची ताठ शीर आतल्या आत सोडवायची. १८३६ मध्ये लिटल यांनी स्वतःच्या पायावर ते करून घेतलं, पाय सुधारला, आणि लंडनला परत जाऊन त्यांनी अशा रुग्णांसाठी रुग्णालय सुरू केलं. त्यानंतर १८५० च्या सुमारास हॉलंडचे लष्करी डॉक्टर माथिसेन यांनी प्लॅस्टरची पट्टी शोधली. भिजवून गुंडाळायची, सुकली की दगडासारखी घट्ट. ती सैनिकांच्या मोडलेल्या हाडांसाठी होती, पण पुढे बाळांच्या पावलांना फार कामाला आली.

म्हणजे हाताने सरळ करणं, शीर सोडवणं आणि प्लॅस्टर, हे तिन्ही तुकडे दीडशे वर्षांपूर्वीच माणसाकडे होते. पण ते नीट जोडायला आणखी शंभर वर्षं गेली. मधल्या काळात भूल देण्याची सोय झाली, तसे डॉक्टर मोठमोठी ऑपरेशनं करू लागले. पाऊल दिसायला सरळ व्हायचं, पण मूल मोठं झालं की ते कडक व्हायचं आणि दुखायचं.

हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांचं नाव डॉ. इग्नासियो पोन्सेटी. ३ जून १९१४ ला स्पेनमधल्या मिनोर्का नावाच्या बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि लहानपणी तेही दुकानात हाताखाली बसायचे. बारीक चाकं कशी एकमेकांत फिरतात हे त्यांनी तिथंच बघितलं. स्पेनमधल्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. आपली बाजू हरली तेव्हा देश सोडावा लागला. फ्रान्स, मग मेक्सिको, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतलं आयोवा. तिथे त्यांनी आधी ऑपरेशन झालेल्या मुलांचे पाय तपासले आणि ठरवलं की हा रस्ता बरोबर नाही.

त्यांची पद्धत अशी. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करायची. बाळाचं पाऊल हलक्या हाताने थोडंसं वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचं. आठवड्याने काढायचं, आणखी थोडं वळवायचं, पुन्हा प्लॅस्टर. पाच ते सात आठवडे असं केलं की पाऊल बरंच सरळ होतं. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर छोट्या छेदाने सोडवतात आणि शेवटचं प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. तोवर शीर लांब होऊन पुन्हा जुळते. मग येतात पट्टीला जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि रात्रभर, पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपताना.

त्यांनी १९६३ मध्ये हे छापलं, पण फारसं कुणी ऐकलं नाही. १९९६ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. तेव्हाही डॉक्टरांच्या आधी ऐकलं ते आईबापांनी. इंटरनेट नवीन होतं. ज्यांच्या बाळांची पावलं मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ झाली होती, त्या आईबापांनी दुसऱ्या आईबापांना कळवलं. मग पालकच डॉक्टरांना विचारायला लागले की तुम्ही ही पद्धत का वापरत नाही? असं करत ती जगभर पोचली. डॉ. पोन्सेटी २००९ मध्ये ९५ व्या वर्षी गेले. आज आपल्या देशातही हीच पद्धत वापरतात. त्यांचा जन्मदिवस, ३ जून, जागतिक क्लबफूट दिवस म्हणून पाळतात.

इथे मला आमच्या गटाची एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईला मुलगा झाला. उजवं पाऊल आत वळलेलं. सासूबाईंनी देवीला नवस बोलला, कुणी दर्ग्यावर जाऊन ये म्हणालं. तीही जाऊन आली, पण त्याबरोबर ती दवाखान्यातही गेली, हे तिचं शहाणपण. गटाने अंतर्गत कर्ज दिलं. दर आठवड्याला बाळाला छातीशी धरून ती एसटीने जायची. सहा प्लॅस्टर झाली, शीर सोडवली आणि पाऊल सरळ झालं. आम्ही सगळ्या बघायला गेलो, पेढे खाल्ले.

मग बूट आले. बाळ रात्री रडायचं. घरात म्हणायला लागले, "पोराला बेड्या कशाला घालता? पाय सरळ झाला ना?" बूट आधी रात्री सुटले, मग कायमचेच. ती आमच्याकडे आली की डॉक्टरांनी परत बोलावलंय, बूट लहान झालेत, जाण्यापुरते पैसे हवेत. आणि आम्ही काय केलं? मासिक बैठकीत म्हणालो, "आधीचं कर्ज फेड, मग बघू. आता पाय बरा झालाय ना?" त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या हातचं आहे. "मागणी पुढील बैठकीपर्यंत स्थगित," असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलंय. दीड वर्षात त्या पोराचं पाऊल पुन्हा आत वळलं.

वाकडं पाऊल परत फिरतं त्याचं सर्वांत मोठं कारण हेच, बूट सुटणं. वेल आधाराला धरायच्या आत दोरी सोडली तर तो पुन्हा खाली लोळतो. त्या ताईने हार मानली नाही. पुन्हा प्लॅस्टर घातली आणि या वेळी बूट सोडले नाहीत. आज तो मुलगा शाळेत कबड्डी खेळतो. पण मधल्या एका वर्षाचा त्रास आमच्यामुळे झाला, हे मी विसरलेले नाही.

आता पावलाकडून वर खुब्याकडे जाऊ, म्हणजे माझ्या आत्याच्या दुखण्याकडे. वाकडं पाऊल जन्मताच दिसतं. सरकलेला खुबा मात्र दिसत नाही आणि दुखतही नाही. मग तो कळला कसा? ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. इटलीत फेरारा गावात मारिनो ऑर्तोलानी नावाचे मुलांचे डॉक्टर होते. १९३० नंतरच्या दशकात एक आई त्यांच्याकडे बाळ घेऊन आली. ती म्हणाली, बाळाचं ढुंगण धुताना, मांड्या उघडल्या की मला आत कट् असं जाणवतं. डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं नाही. स्वतः हात लावून पाहिलं. वाटीबाहेरचा गोळा मांडी उघडताना परत आत सरकत होता, त्याचा तो धक्का होता. १९३७ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १९६२ मध्ये इंग्लंडच्या डॉ. बार्लो यांनी त्यात आणखी एक तपासणी जोडली. आज बाळ जन्मल्यावर डॉक्टर त्याचे दोन्ही गुडघे धरून मांड्या हळूच उघडून बघतात, ती याच डॉक्टरांची तपासणी. पण ती पहिल्यांदा जाणवली एका आईच्या हाताला.

सहा महिन्यांच्या आत खुबा कळला तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. चेक डॉक्टर पावलिक यांनी १९४० नंतर मऊ पट्ट्यांचा एक पट्टा बनवला. त्यात बाळाच्या मांड्या बेडकासारख्या उघड्या राहतात आणि गोळा वाटीत बसतो. इतक्या लहान बाळाचं हाड कोवळं असल्याने एक्स-रेत नीट दिसत नाही. त्यासाठी १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाचे डॉ. ग्राफ यांनी सोनोग्राफीने खुबा बघायची रीत आणली. मूल चालायला लागल्यावर कळलं तर मात्र ऑपरेशन, मोठं प्लॅस्टर, सगळं आलं. आणि कळलंच नाही तर माझ्या आत्यासारखं आयुष्य.

यात आपल्या रीतींचा मोठा भाग आहे. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात कापडाच्या सुरळीसारखे घट्ट गुंडाळले तर गोळा वाटीतून बाहेर ढकलला जातो. जपानमध्ये बाळाला असंच गुंडाळायची रीत होती. १९७५ मध्ये तिथे देशभर आयांना सांगायला सुरुवात झाली की पाय बांधू नका, मोकळे हलू द्या. आधी शंभर बाळांमागे एकाहून जास्त खुबे सरकलेले सापडायचे, ते प्रमाण काही वर्षांत हजारामागे एक-दोनवर आलं. ना औषध, ना ऑपरेशन. फक्त गुंडाळायची पद्धत बदलली.

आणि आपण बाळाला कडेवर घेतो, ते? ते फार चांगलं. कडेवर बाळाच्या दोन्ही मांड्या उघड्या आणि गुडघे वाकलेले राहतात, गोळा वाटीत नीट बसतो. आफ्रिकेतल्या बाया बाळाला पाठीला बांधतात, तिथेही तसंच. ज्या समाजात बाळ असं वाढतं तिथे खुब्याचा हा आजार कमी दिसतो, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा आजीच्या रीतीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे नीट निवडायचं. कडेवर घेणं ठेवा. थंडीत छाती-पोट गुंडाळा, पण पाय आत मोकळे हलले पाहिजेत. मालिश हलक्या हाताने चालेल, पण पाय धरून उलटं टांगणं, खेचणं, कडाकडा मोडणं बंद.

आता जरा मुंबईला जाऊ. आपल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी तिथं आहेच. १९४० नंतरच्या दशकात मुंबईत फातिमा इस्माईल नावाच्या बाई होत्या. त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. तेव्हा पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी आपल्याकडे काहीच सोय नव्हती. त्यांनी उपचार शोधत देश पालथा घातला, मुलीला उभं केलं, आणि मग मनात आलं की माझ्या मुलीचं झालं, बाकीच्यांच्या मुलांचं काय? १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. डॉ. बालिगांसारख्या नामवंत सर्जनांनी साथ दिली. त्यातून संस्था उभी राहिली आणि हाजीअलीला मुलांच्या हाडांचं रुग्णालय झालं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेतही गेल्या. त्याच हाजीअलीला १९५५ मध्ये केंद्र सरकारची अपंगांच्या पुनर्वसनाची मोठी संस्था सुरू झाली. एका आईने सुरू केलेलं काम इथवर गेलं.

पोलिओचं पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. १९९५ पासून पोलिओचे रविवार सुरू झाले. अंगणवाडीताई, आशाताई घरोघरी, होड्यांवर, एसटी स्टँडवर दोन थेंब पाजत फिरल्या. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या शाळेत कुबडीवर येणारी मुलं होती. माझ्या मुलांच्या शाळेत पोलिओमुळे कुबडी घेतलेलं एकही मूल नाही. हा इतिहास आपल्यासारख्या बायांनीच घडवला.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा: ६ फेब्रुवारी २०१३. त्या दिवशी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन येतं, ते याच कार्यक्रमाचं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात तपासतात. जन्मतःच्या ज्या नऊ दोषांवर त्यांचं लक्ष असतं, त्यात वाकडं पाऊल आणि सरकलेला खुबा दोन्ही आहेत. पुढचे उपचारही मोफत होतात. पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ज्यांना मूल दाखवायची लाज वाटते त्यांना तर हाताला धरून घेऊन या.

आता काय बघायचं, ते सोपं करून सांगते. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालता, तेव्हा हाताला सवय लावा. दोन्ही मांड्यांच्या वळ्या सारख्या आहेत का? लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्या उघडतात का, की एक अडते? गुडघे दुमडून उभे धरले तर एक खाली राहतो का? चालायला लागल्यावर मूल एका बाजूला झुकतं का, बदकासारखं डुलतं का? यातलं काही वाटलं तर आशाताईला सांगा आणि बाळ डॉक्टरांना दाखवा. घरी पुन्हा पुन्हा मांडी दाबून कट् आवाज काढायला जाऊ नका. बाळ पायाळू असेल तर काही दिसलं नाही तरी खुबा तपासून घ्या. त्याचा मान नंतर करू.

चार ते आठ वर्षांचं मूल, त्यातही मुलगे, काही लागलेलं नसताना आठवडेच्या आठवडे लंगडत असेल तर दाखवा. खुब्याच्या गोळ्याला रक्त कमी पडून तो मऊ होतो, असा एक आजार आहे. १९१० च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी तो एक्स-रेवर ओळखला. त्याआधी त्याला हाडाचा टीबीच समजायचे. त्यातल्या पेर्थेस या जर्मन डॉक्टरांचं नाव त्याला राहिलं. यात फसवणूक अशी की दुखणं खुब्यात असतं आणि मूल बोट गुडघ्यावर ठेवतं. आपण गुडघ्याला बाम चोळत बसतो. दहा ते पंधरा वर्षांच्या, विशेषतः अंगाने भारी मुलामुलींत खुब्याचा गोळा घसरण्याचा आजार होतो. तिथेही मांडी किंवा गुडघा दुखतो आणि पाऊल बाहेर वळतं. त्या मुलाला चालवू नका, चोळू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि ताप असलेलं मूल पाय टेकूच देत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी न्या. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत खुबा कायमचा जातो.

उगाच घाबरायचं नाही, तेही सांगते. आपल्या केळशीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत लहान पोराला चालवलं की अख्खा तळवा उमटतो. मध्ये कमान दिसत नाही. पाच-सहा वर्षांपर्यंत ते अगदी सामान्य आहे. टाचा उचलल्यावर कमान दिसली आणि पाय दुखत नसेल, तर महागडे बूट घ्यायची काही गरज नाही. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे असतात, तीन-चार वर्षांत गुडघे एकमेकांना लागतात, सातच्या आसपास सगळं सरळ होतं. एकच पाय वाकत असेल किंवा वाकणं वाढत चाललं असेल, तेव्हा मात्र दाखवायचं.

शेवटी आमच्या गटाने काय ठरवलं ते सांगून थांबते. त्या मुलाचं पाऊल परत फिरल्यानंतरच्या बैठकीत आम्ही एक ठराव केला. लहान मुलाच्या उपचाराला जायच्या खर्चासाठी मागितलेलं कर्ज जुन्या कर्जामुळे अडवायचं नाही. आणि बाळाला बूट असतील तर दोघी जणी आळीपाळीने त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन बसतील, सासूबाईंशी बोलतील, बूट बांधायला हात लावतील. "स्थगित" लिहिलेलं ते पान मी वहीत तसंच ठेवलंय. नवी सहयोगिनी आली की मी तिला ते आधी दाखवते.

माझ्या आत्याच्या वेळी हे सगळं जगात कुठेतरी माहीत होतं. ऑर्तोलानींचा शोध तिच्या जन्माआधीचा आहे. पण तो केळशीच्या पाखाडीपर्यंत पोचला नाही. आता तो तुमच्या कानापर्यंत आलाय. उद्या आपल्या वाडीत कुठे बारसं असेल, तर बाळंतविड्याबरोबर एवढं तिच्या कानावर घाला.